घासून घालवलेली कला

एका चांगल्या सवयीविरुद्ध लिहिण्याची पाळी आमच्यावर आली आहे. ती सवय म्हणजे धातूची वस्तू घासूनपुसून लख्ख ठेवण्याची. समया, ताम्हन-पळी, घागरी आणि तपेली यांना ती शोभते, आणि तेथे तिचे आम्ही कौतुकच करतो. परंतु हैदराबाद, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील आपल्या जुन्या कुटुंबांच्या घरांत लिहिण्याच्या मेजावर किंवा काचेच्या कपाटात एखादी जपानी धातूची लहानशी मूर्ती पुष्कळदा आढळते. कोठे कासव, कोठे क्रौंच पक्षी, कोठे दाण्याशी बसलेला उंदीर, कोठे ओझे वाहणारा शेतकरी. आजोबा-पणजोबांपैकी कोणी ती मुंबईच्या दुकानातून आणलेली असते, कोणाला दरबारातून मिळालेली असते. सणासुदीच्या आधी देवाच्या उपकरणांबरोबर तीही चिंचेच्या कोळात जाते आणि पिवळीधमक होऊन बाहेर येते. घरातील मंडळी समाधानाने म्हणतात, "पाहा, आत सोने दडले होते!" आमचे म्हणणे असे आहे, की कारागिराने त्या वस्तूवर जे केले होते त्यातील निम्मे त्या दिवशी मोरीतून वाहून गेलेले असते. आणि ते पुन्हा येत नाही.

हे विधान अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून ते नीट मांडून सिद्ध करणे आमचे कर्तव्य आहे.

प्रथम या वस्तू म्हणजे काय ते पाहू. जपानी भाषेत त्यांना 'ओकिमोनो' म्हणतात. शब्दाचा अर्थ अगदी साधा आहे: ठेवण्याची वस्तू. जपानी घरातील मुख्य खोलीत 'तोकोनोमा' नावाचा एक कोनाडा असतो. त्यात एक चित्रपट टांगावा, एक फुलांची मांडणी करावी आणि एखादी सुबक वस्तू ठेवावी, अशी रीत आहे. ओकिमोनोचे मूळ स्थान हे. कमरपट्ट्याला डबी अडकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या 'नेत्सुके'ला दोरा ओवण्याची भोके असतात. ओकिमोनोला ती नसतात, कारण तिला नुसते बसायचे असते. याच कुळातील आणखी दोन वस्तू थेट लेखनाच्या मेजावरच्या आहेत. एक 'बुन्चिन', म्हणजे कागद उडू नये म्हणून ठेवायचे वजन, आणि दुसरी 'सुइतेकी', म्हणजे शाई उगाळताना दगडावर थेंब थेंब पाणी सोडणारे लहान पात्र. कोठे बेडूक, कोठे बैल, कोठे फळ अशा रूपांत ही पात्रे घडवलेली असतात. तेव्हा मेजावर धातूची मूर्ती ठेवण्याची हौस पाश्चात्त्य कचेऱ्यांतून जपानात गेली असे समजण्याचे कारण नाही. लिहिणाऱ्या माणसाच्या हाताशी धातूचा एक लहानसा जीव असावा, ही कल्पना तेथे जुनीच आहे.

आता या वस्तू घडवणारे हात कोणाचे होते, ते पाहिले पाहिजे. आजच्या संग्रहांत ज्या वस्तू सर्वांत अधिक दिसतात त्या बहुतेक मेइजी काळातील, म्हणजे १८६८ ते १९१२ या वर्षांतील आहेत. त्यापूर्वी कित्येक पिढ्या जपानातील उत्तम धातुकारागिरांचा मोठा वर्ग तलवारीच्या साजावर जगत होता. मूठ आणि पाते यांच्यामधील चकती, मुठीवरची नक्षी, म्यानातील लहान सुरीचा दांडा, या सगळ्या तळहातावर मावणाऱ्या वस्तू. आणि त्यांवर सोने, चांदी, तांबे यांचे जडावकाम इतके बारीक, की पाहणाऱ्याने भिंगच घ्यावे. २८ मार्च १८७६ रोजी नव्या सरकारने हुकूम काढला, की सैनिक, पोलीस आणि दरबारी पोशाखातील अधिकारी यांच्याखेरीज कोणीही उघड तलवार बाळगू नये. सामुराईंचा मान तर गेलाच, पण त्यांच्या तलवारी सजवणाऱ्या घराण्यांची चूलही विझायची वेळ आली.

संस्थाने विलीन झाल्यावर दरबाराच्या आश्रयाने जगणाऱ्या आपल्याकडील कारागिरांचे काय झाले, हे आपल्यापैकी अनेकांच्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे. तेव्हा या प्रसंगाचा अर्थ आपल्या वाचकांना विस्ताराने सांगण्याची गरज नाही. जपानी कारागीर मात्र हात जोडून बसले नाहीत. कानो नात्सुओ (१८२८–१८९८) हे तलवारीचा साज घडवणारे नामांकित कारागीर. नव्या सरकारच्या नाण्यांची चित्रे त्यांनी कोरली, पुढे तोक्योच्या कलाविद्यालयात ते शिकवू लागले आणि १८९० साली राजघराण्याचे अधिकृत कलाकार म्हणून ज्यांची प्रथम निवड झाली त्यांत ते होते. चिलखते बनवणाऱ्या म्योचिन घराण्यात तर आधीपासूनच एक नवलाची विद्या होती. लोखंडाच्या लहान लहान पत्र्यांचे सांधे जोडून ते असे सर्प, खेकडे आणि ड्रॅगन घडवीत, की त्यांचे प्रत्येक मणके आणि प्रत्येक नांगी हलावी. म्योचिन मुनेआकी याचा १७१३ सालचा असा एक लोखंडी ड्रॅगन तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मेइजी काळात हीच विद्या मेजावरच्या नाकतोड्यांत आणि लॉबस्टरांत उतरली.

सरकारनेही या हातांचा उपयोग ओळखला. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात मेइजी सरकारने प्रथमच अधिकृतपणे भाग घेतला, आणि त्याच सुमारास 'किरित्सु कोशो काइशा' ही निर्यात करणारी कंपनी उभी राहिली. तिच्या ओतकामाचे प्रमुख सुझुकी चोकिची (१८४८–१९१९) यांनी १८९३ च्या शिकागो प्रदर्शनासाठी निरनिराळ्या आविर्भावांतील बारा ससाण्यांचा संच केला. तो आज कानाझावा येथील राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयात आहे. आपल्या कपाटातील मुठीएवढा ससाणा त्या बारा पक्ष्यांचा धाकटा भाऊबंद आहे, हे लक्षात ठेवले तर चिंचेचा कोळ हाती घेताना मन थोडे कचरेल.

आता मूळ मुद्दा. या कारागिरांची खरी विद्या आकारात जितकी होती तितकीच रंगात होती, आणि तो रंग वरून लावलेला नव्हता, धातूतूनच काढलेला होता. तलवारीच्या साजासाठी त्यांनी दोन मिश्रधातू सिद्ध केले होते. एकाचे नाव 'शाकुदो'. तांब्यात शेकडा तीन ते पाच भाग सोने. घडवताना हा धातू साध्या तांब्यासारखाच दिसतो. दुसऱ्याचे नाव 'शिबुइचि', म्हणजे शब्दशः 'चारांतील एक भाग'. तांब्यात सुमारे चतुर्थांश चांदी. हाही घडवताना फिकट तांबूस. वस्तू पूर्ण झाली, की कोळशाने तिचा पृष्ठभाग अतिशय गुळगुळीत करतात, हाताचा ओशटपणा पूर्ण काढतात, किसलेल्या पांढऱ्या मुळ्याच्या रसात ती बुडवतात आणि मग जंगाल व मोरचूद घातलेल्या पाण्यात उकळतात. थोड्याच वेळात रंग चढू लागतो. शाकुदो कावळ्याच्या पंखासारखा निळसर-जांभळट काळा होतो. त्याला जपानीत 'कावळ्याचे सोने' असेही म्हणतात. शिबुइचि धुक्यासारखा करडा होतो. शुद्ध तांबे विटकरी-तपकिरी होते. सोने आणि चांदी यांच्यावर मात्र त्या पाण्याचा परिणाम होत नाही. एकाच बुडीत चार-पाच धातूंचे चार-पाच रंग उमटतात. काळ्या कावळ्याचा सोनेरी डोळा, करड्या आकाशातला चांदीचा चंद्र, तपकिरी पानावरचा काळा मुंगळा हे सारे चित्र कारागिराच्या मनात आधीपासून होते, आणि त्यासाठीच त्याने तांब्यात सोने मिसळण्याचा खर्च सोसला होता.

या रंगाची साय किती जाड? मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबातली. चिंच, लिंबू, रांगोळी, राख, डबीतली पातळ पॉलिश यांपैकी कशालाही ती दोन मिनिटे टिकत नाही. ती निघाली, की कावळा, आकाश आणि पान हे सगळे एकाच तांबूस रंगाचे होतात आणि चित्र मिटते. शिवाय घासणारा हात तेथे थांबत नाही. पिसांच्या रेघा, डोळ्याची कड, केसांचे पोत हे सारे टोकदार छिन्नीचे काम वर्षागणिक बोथट होत जाते. रंग पुन्हा चढवता येतो, असे कोणी सांगेल. येतो, पण त्यासाठी पृष्ठभाग पुन्हा झिजवावा लागतो, आणि चढलेला रंग मूळ कारागिराचा नसतो, दुरुस्ती करणाऱ्याचा असतो.

शाकुदो आणि शिबुइचि प्रत्येक मूर्तीत असते असे नाही. मोठ्या संख्येने ज्या मूर्ती बाहेर गेल्या त्या साध्या काशाच्या, मेणाचा नमुना करून साच्यात ओतलेल्या. तोयामा प्रांतातील ताकाओका हे या ओतकामाचे मोठे केंद्र. १६११ साली तेथील सरदार माएदा तोशिनागा याने सात ओतारी आणून वसवले, तेव्हापासून त्या गावाची ती ओळख आहे. पण तेथील काशाचा रंगही असाच मुद्दाम चढवलेला असतो. लोखंड आंबवून केलेले एक काळे द्रावण गरम धातूवर गवताच्या कुंचल्याने फिरवण्याची रीत तेथे आहे. त्या द्रावणाचे नाव 'ओहागुरो', आणि जपानी विवाहित स्त्रिया पूर्वी दात काळे करण्यासाठी जे वापरीत त्याचेही नाव तेच. आपल्या पणज्यांचे दातवण ज्यांना आठवते त्यांना याचे नवल वाटू नये. दातवण लावलेल्या पणजीचे दात अस्वच्छ आहेत म्हणून ते घासून पांढरे करायला निघालेला नातू आपण मूर्ख ठरवला असता. काशाच्या मूर्तीच्या बाबतीत आपण नेमके तेच करीत आहोत.

हैदराबादकडील वाचकांना याहून जवळचे उदाहरण देतो. बिदरी काम आपल्यापैकी कोणाला माहीत नाही? बीदर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते. जस्तात थोडे तांबे मिसळून वस्तू ओततात, मोरचुदाने ती तात्पुरती काळी करून तीवर नक्षी कोरतात, चांदी जडवतात, आणि शेवटी बीदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांचा लेप देऊन ती कायमची काळी करतात. काळा होतो तो जस्ताचा मिश्रधातू. चांदी शुभ्र राहते. तत्त्व तेच, जे जपानी मुळ्याच्या रसामागे आहे. आता आम्ही विचारतो, आपल्या घरातील बिदरीची सुरई कोणी चिंचेने घासून राखाडी केली आहे काय? तशी कोणी केली तर घरातील म्हातारे माणूस त्याला उंबऱ्याबाहेर काढील. मग बिदरीला जो न्याय, तो त्या जपानी कासवाला का नाही? केवळ त्याची भाषा आपल्याला येत नाही म्हणून?

आमच्या या मतावर जे आक्षेप घेतले जातात त्यांचा आता समाचार घेऊ.

पहिला आक्षेप धर्माचा आणि संस्काराचा. स्वच्छ, झळाळणारा धातू हेच मांगल्य, असे आपल्याला लहानपणापासून शिकवले आहे. ते खरेही आहे. देवघरातील बाळकृष्णाचे नाक-डोळे पिढ्यान्‌पिढ्यांच्या घासण्याने झिजून गुळगुळीत होतात, आणि ती झीजच त्या मूर्तीचा महिमा ठरते, कारण रोज हाताळणे हीच तिची पूजा आहे. तिच्या कारागिरानेही ती घासली जाणार हे गृहीत धरूनच घडवली होती. जपानी कारागिराने हे गृहीत धरलेले नव्हते. ज्याने जी वस्तू जशी दिसावी म्हणून घडवली तशी ती ठेवणे, हा दोन्ही ठिकाणी एकच नियम आहे. समई घासणे हा त्या नियमाचा आदर, आणि ओकिमोनो घासणे हा त्याच नियमाचा भंग.

दुसरा आक्षेप जाणकार म्हणवणाऱ्यांचा आहे, आणि तो आम्हांला अधिक खटकतो. ते म्हणतात, "हा सगळा निर्यातीचा माल. युरोप-अमेरिकेतील धनिकांच्या दिवाणखान्यांसाठी काढलेला. खरी जपानी कला ती नव्हेच. मग तिचे इतके स्तोम कशाला?" या मताने बराच काळ राज्य केले. खुद्द जपानातील विद्वानांनीही या वस्तूंकडे फार दिवस पाठ फिरवली होती. पण गिऱ्हाईक परदेशी असले म्हणून कारागीर परदेशी होत नाही, आणि त्याची छिन्नीही परदेशी होत नाही. पोट भरण्यासाठी केलेले काम हे हलकेच असते, असा नियम लावायचा तर तलवारीचा साजही बाद होईल, पैठणीही बाद होईल आणि बिदरीही बाद होईल.

त्यातही एक गोष्ट हे जाणकार विसरतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, जपानी सरकारने धातू गोळा करण्याचा हुकूम काढला. देवळांतील घंटा, चौकांतील पुतळे, घरांतील काशाच्या वस्तू युद्धसामग्रीसाठी वितळवल्या गेल्या. स्वामिनिष्ठ कुत्रा हाचिको याचा तोक्योतील शिबुया स्थानकासमोरचा १९३४ सालचा पुतळाही त्यातून सुटला नाही. आज तेथे दिसतो तो १९४८ साली उभारलेला दुसरा. मायदेशी असे चालले असताना जे काम 'निर्यातीचा माल' म्हणून बाहेर पडले होते ते दूरदेशीच्या कपाटांत सुखरूप राहिले. आज जपानी संग्राहक तेच काम परदेशी लिलावांतून परत विकत घेत आहेत. क्योतोमध्ये २००० साली उघडलेले कियोमिझु सान्नेन्झाका संग्रहालय एदो काळाची अखेर आणि मेइजी काळ यांतील कारागिरीलाच वाहिलेले आहे, आणि तेथील पुष्कळ वस्तू अशाच परतलेल्या आहेत. हा इतिहास पाहता, आपल्या घरातील कासव हे एका परक्या देशाने आपल्याकडे अजाणता ठेवलेली ठेव आहे. ठेव घासून झिजवण्याचा अधिकार कोणत्या शास्त्राने दिला आहे?

तिसरा आक्षेप उलट दिशेने येतो, आणि तो अलीकडच्या सुशिक्षितांचा आहे. "जुनेपण हेच सौंदर्य, काळाचा हात फिरला पाहिजे, जपानी लोक डागांवरच प्रेम करतात" असे काहीतरी अर्धवट वाचून ही मंडळी मूर्तीवर धूळ, काजळी आणि हिरवट बुरशी साचू देतात आणि त्यालाच रसिकता म्हणतात. ही मंडळी आमच्या बाजूची आहेत असा गैरसमज होऊ नये. ओकिमोनोचा काळा रंग काळाने दिलेला नाही. तो पहिल्याच दिवशी कारागिराने दिला. घासणारा आणि धूळ साचवणारा हे दोघेही एकच चूक करतात: तो रंग आपोआप आला असे दोघांनाही वाटते. एकाला तो मळ वाटतो आणि दुसऱ्याला तो वय वाटते. कारागीर दोघांच्याही हिशेबात नाही.

याच अज्ञानावर बाजार चालतो. जुन्या वस्तूंच्या दुकानांत दोन तऱ्हा सर्रास आढळतात. काशाची खरी जुनी मूर्ती घासून पिवळी केली जाते, कारण गिऱ्हाइकाला चकाकी दिसली की तो हात घालतो. आणि कालपरवा ओतलेली नवी मूर्ती आम्लात बुडवून हिरवी केली जाते, कारण दुसऱ्या गिऱ्हाइकाला हिरवेपणा दिसला की तो पाकीट काढतो. 'गेनर्यूसाई सेइया' अशी सही असलेले काशाचे हत्ती आणि वाघ लिलावांतून वारंवार दिसतात; सही कोरणे हे हत्ती घडवण्यापेक्षा पुष्कळ सोपे काम आहे, एवढे गिऱ्हाइकाने लक्षात ठेवावे. सही शेवटी पाहावी. आधी पावलांचे तळवे, कानामागची घडी, पोटाखालची बाजू पाहावी. ज्याने पोटाखालीही कंटाळा केला नाही तो कारागीर खरा.

हलक्या वस्तूंविषयीही एक शब्द. शिसे आणि अँटिमनी यांच्या मिश्रणातून ओतलेल्या, चांदीसारखा मुलामा दिलेल्या लहान डब्या, तबके आणि मूर्ती जपानने पुष्कळ निर्यात केल्या. काहींच्या तळाशी 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असा शिक्का आढळतो. ते १९४५ ते १९५२ या अमेरिकी ताब्याच्या काळातील काम. त्यांना कोणी शाकुदो म्हणून विकले तर ती फसवणूक आहे. पण त्या आहेत त्या म्हणून जपल्या तर त्यांतही एका हरलेल्या देशाने पुन्हा कामाला लागण्याची कहाणी आहे. त्यांचा मुलामा तर घासण्याला सर्वांत आधी बळी पडतो. ज्यांना संग्रह म्हणजे केवळ गुंतवणूक वाटते त्यांनी या वस्तू टाकून द्याव्यात. त्या उचलायला आम्ही तयार आहोत.

शासकीय सेवेत आम्ही आयुष्य घालवले, तेव्हा शासनाला मोकळे सोडणे आम्हांला शोभणार नाही. एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या विश्रामगृहात संस्थानी काळापासून काशाची एक जोडी होती: कासवाच्या पाठीवर उभे असलेले दोन क्रौंच. हजार वर्षांचा क्रौंच आणि दहा हजार वर्षांचे कासव हे जपानी दीर्घायुष्याचे प्रतीक. एका मंत्रिमहोदयांच्या दौऱ्याआधी त्या दोन्ही क्रौंचांना सोनेरी तैलरंग फासण्यात आला. खर्चाच्या बिलावर 'शोभेच्या वस्तूंचे नूतनीकरण' अशी नोंद होती, आणि ते बिल रीतसर मंजूर झाले. दीर्घायुष्याच्या त्या प्रतीकांना रंगाचा एक डबा पुरला. या प्रकाराला कोणी वाईट हेतूचा म्हणणार नाही. हेतू चांगलाच होता, आणि चांगल्या हेतूने होणारे हे नुकसान थांबवणे म्हणूनच अधिक अवघड आहे.

ज्यांना घासलेली आणि न घासलेली वस्तू यांतील फरक डोळ्यांनी पाहायचा असेल त्यांनी दूर जाण्याची गरज नाही. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात, जे १९५१ साली उघडले, मीर युसुफ अली खान, तिसरे सालारजंग, यांच्या संग्रहातील जपानी वस्तूंचा मोठा विभाग आहे. बडोद्याच्या संग्रहालयातही जपानी कलेचा विभाग आहे. सयाजीराव महाराजांनी स्वतः १९१० साली जपानचा प्रवास केला होता. पण आम्ही सालारजंगमध्ये जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा एकच दृश्य दिसले. तासाचे टोले पडताना वाजणाऱ्या घड्याळापुढे शेकडो माणसे, बुरख्यातील रिबेकाच्या संगमरवरी पुतळ्यापुढे तितकीच, आणि जपानी दालनात पंखा फिरतो आहे. तो रिबेकाचा पुतळा पहिल्या सालारजंगांनी १८७६ साली रोममध्ये घेतला असे सांगतात. त्याच वर्षी जपानात तलवारी म्यानातून कायमच्या उतरल्या आणि मेजावरच्या या मूर्तींचा मार्ग मोकळा झाला. मुले शाळेच्या सहलीला नेणाऱ्या शिक्षकांनी दहा मिनिटे या दालनासाठी काढली तरी पुढच्या पिढीचे हात आवरतील.

टीका करून थांबणे आम्हांला मान्य नाही. म्हणून जे करावे ते थोडक्यात सांगतो. धूळ काढायला चित्रकाराचा मऊ कोरडा कुंचला पुरे. पाणी, तेल, लिंबू, चिंच, व्हिनेगर, कोणतीही पूड आणि कोणतेही पॉलिश वर्ज्य. उघड्या बोटांनी वारंवार हाताळू नये, कारण घामातील क्षार पृष्ठभागावर ठसे उमटवतात. सुती हातमोजा घालावा. वार्निश फासू नये आणि मुलामा देणाऱ्याकडे तर मुळीच नेऊ नये. देवघरातील धूप-उदबत्तीजवळ व समुद्राच्या वाऱ्यासमोर या वस्तू ठेवू नयेत. गोव्यातील आमच्या मित्रांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. शिशाच्या मिश्रणातील वस्तू नव्या लाकडाच्या बंद कपाटात कोंडू नयेत. लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने त्या पांढरट होऊन झिजतात. काशावर फिकट हिरवी, भुरभुरणारी पूड दिसू लागली तर ती मात्र खरी व्याधी आहे. तेव्हा घरगुती उपाय न करता वस्तू कोरड्या जागी वेगळी ठेवावी आणि संग्रहालयातील जाणत्या माणसाला दाखवावी.

या सर्वांहून निकडीची गोष्ट दुसरीच आहे. आपले जुने वाडे पडत आहेत, त्यांच्या जागी सदनिका उभ्या राहत आहेत, आणि घरातील वस्तूंच्या वाटण्या होत आहेत. काचीगुडा आणि सुलतानबाजार येथील कित्येक घरांत आम्ही पाहिले आहे, की सोने मोजले जाते, भांडी वजनावर जातात आणि मेजावरची मूर्ती 'पितळ' म्हणून त्याच तराजूत पडते. तांब्यात मिसळलेले सोने आणि चांदी भंगारवाल्याला कळत नाही, आणि वाटणी करणाऱ्यांनाही कळत नाही. म्हणून आमची आपल्या सर्व केंद्रांतील साहित्य मंडळांना आग्रहाची विनंती आहे, की त्यांनी आपल्या सभासदांच्या घरांतील अशा वस्तूंची एक नोंदवही ठेवावी. आम्ही कोणाची वस्तू मागत नाही, कोणाला किंमत ठरवून देत नाही. सभासदाने मूर्ती उलटी करावी, तळाशी सही असल्यास तिचे छायाचित्र घ्यावे, उंची आणि वजन मोजावे, आणि ती घरात केव्हा, कोणी, कोठून आणली याविषयी घरातील सर्वांत वृद्ध माणसाला जे आठवत असेल ते चार ओळींत लिहून द्यावे. हे काम एका रविवारच्या दुपारचे आहे. ते वृद्ध माणूस असेपर्यंतच ते होऊ शकते.